राणीचं माहेर

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवराजेश्वराच्या देवळातून बाहेर पडताना पर्यटकांपैकी कोणीतरी हमखास विचारतं, महाराजांना राण्या किती? आठ, असं उत्तर येतं आणि पाठोपाठ सईबाई, सोयराबाई ही दोन नावं. मालिका-कादंबऱ्यांनी या दोघींची वाटणी करूनच टाकली आहे : एक सोशिक, दुसरी कारस्थानी. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांचंही तेच झालं. कोणाला टाकलं, कोणाचं डोकं उडवलं, हे तिथली शाळकरी पोरं पाढ्यासारखं म्हणतात. राजाच्या लग्नाची गोष्ट राजाच्या मनापासून सुरू केली की ती अशीच होते. नवरीच्या माहेरापासून सुरू केली, तर त्या लग्नामागचा हिशेब दिसू लागतो.

आपल्याकडे हे समजायला कठीण नाही. गौरीच्या सणाला नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो, तेव्हा माहेराहून कोण आलं, काय आणलं, हे आळीतल्या बायका डोळ्यांनीच मोजतात. राजघराण्यात मोजायच्या वस्तू वेगळ्या असत : किल्ले, किताब, फौज.

याचं जवळचं उदाहरण मालवणहून फार लांब नाही. सावंतवाडीचं सावंत-भोसले हे कुडाळ प्रांतातलं जुनं वतनदार घराणं. खाली गोव्यात पोर्तुगीज, वर कोल्हापूरकर छत्रपती. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण तेव्हा कोल्हापूरकडे होतं. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या मुलखात टिकायचं, तर पाठीशी कोणीतरी मोठं हवं. तिसरे खेम सावंत १७५५ साली गादीवर आले आणि १७६३ साली त्यांचं लग्न झालं ते लक्ष्मीबाईंशी, जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी. जयाप्पा १७५५ सालीच नागौरच्या वेढ्यात दग्याने मारले गेले होते. म्हणजे नवरीच्या डोक्यावर बापाचं छत्र नव्हतं. पण काका होते महादजी.

शिंद्यांना या सोयरिकीतून काय मिळालं? कण्हेरखेडच्या पाटलांचं घर तलवारीच्या जोरावर मोठं झालेलं. अशा घराला जुन्या कुळाशी नातं जोडण्याची ओढ असणारच, असा माझा तर्क आहे. सावंतांना काय मिळालं, ते मात्र स्पष्ट दिसतं. महादजींचं वजन दिल्लीच्या बादशहापाशी वाढत गेलं आणि खेम सावंतांना ‘राजे बहादूर’ हा किताब मिळाला, सोबत मोरचेलाचा मान. मोरचेल म्हणजे मोरपिसांचा झुबका, राजाच्या मागे उभं राहून ढाळायचा. दिसायला एवढंच, पण शेजारच्या वतनदाराला तो मिळावा, हे कोल्हापूरकरांना सोसलं नाही. त्यांनी वाडीवर चढाई केली, काही डोंगरी किल्ले घेतले. ते किल्ले परत मिळाले तेही शिंद्यांच्याच शब्दाने. एका लग्नाने भांडण ओढवून आणलं आणि त्याच लग्नाने ते निस्तरलं.

माहेर असं मागे उभं राहिलं की राजाचाही नाइलाज होतो. हेन्रीची पहिली राणी कॅथरीन स्पेनच्या राजघराण्यातली. १५०९ साली लग्न, हाती एकच मुलगी. हेन्रीला मुलगा हवा होता, म्हणून लग्न रद्द करून घ्यायचं होतं आणि तो अधिकार पोपचा. पण कॅथरीनचा भाचा होता सम्राट पाचवा चार्ल्स. त्याच्या फौजेने १५२७ साली रोम लुटलं आणि पोपला कोंडून ठेवलं. भाच्याच्या मुठीत असलेला पोप मावशीचं लग्न मोडणार कसा? शेवटी हेन्रीने पोपशीच काडीमोड घेतला. १५३४ साली तो स्वतः इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला.

दुसरी राणी ॲन बुलीन घरचीच, म्हणजे इंग्लंडच्याच सरदारांतली. तिच्या मागे सम्राट नव्हता. १५३६ साली तिच्यावर खटला चालला तेव्हा शिक्षा वाचून दाखवणारा नॉरफोकचा ड्यूक तिचा सख्खा मामा होता. माहेर पाठीशी नसलं तर समोरही उभं राहू शकतं. सोयराबाईंच्या बाबतीत वेगळ्या तऱ्हेने तेच घडलं. १६८० साली शिवाजी महाराज गेल्यावर राजारामांना गादीवर बसवण्यात आलं. पण सोयराबाईंचे भाऊ, सरसेनापती हंबीरराव मोहिते, सख्ख्या भाच्याला सोडून संभाजीराजांच्या बाजूने गेले. डाव तिथेच संपला. मालिकेत मात्र दोष सगळा सोयराबाईंच्या स्वभावाचा असतो. आणि मालवणच्या किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं देऊळ ज्या राजाराम महाराजांच्या नावावर सांगितलं जातं, ते सोयराबाईंचेच चिरंजीव.

आता वारसाचं. हेन्रीला एका वेळी एकच बायको करता येत होती आणि दत्तकाची सोय नव्हती. म्हणून एकीला बाजूला केल्याशिवाय दुसरी येत नसे. आपल्या राजांना एका वेळी अनेक राण्या करता येत, त्याउपर मुलगा नसला तर दत्तक होताच. त्यातही महाराष्ट्रात नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’चा शब्द चाले आणि इथली रूढी अशी, की नवऱ्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसली तरी विधवेला दत्तक घेता येई. म्हणजे राजा निपुत्रिक गेला की गादीची किल्ली विधवेच्या हाती. हेन्रीच्या कुठल्याही राणीला हा अधिकार स्वप्नातही मिळाला नसता.

अधिकार असणं वेगळं, तो निभावणं वेगळं. खेम सावंत १८०३ साली मुलाविना गेले आणि गादीसाठी भाऊबंदकी माजली. दोन वर्षांनी, १८०५ साली, लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब या मुलाला दत्तक घेतलं आणि वाद मिटल्यासारखा झाला. पुढे तीन वर्षांनी त्या मुलाचा बिछान्यातच गळा आवळण्यात आला. गादीवर फोंड सावंत बसले.

इथे मला १८०३ हे साल महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरात असईच्या लढाईत इंग्रजांकडून दौलतराव शिंद्यांचा पराभव झाला, डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह. ज्या माहेराने एके काळी किल्ले परत मिळवून दिले, त्याचंच कंबरडं मोडलेलं. लक्ष्मीबाईंच्या दत्तकाला पाठराखण करायला उत्तरेतून कोण येणार होतं?

यापुढे सोयरिकीपेक्षा कंपनी सरकारचा शब्द भारी ठरला. १८१२ साली कोल्हापूरकरांनी मालवण आणि सावंतांनी वेंगुर्ला इंग्रजांना दिलं. फोंड सावंत त्याच साली गेले, मुलगा लहान, म्हणून खेम सावंतांच्या दुसऱ्या विधवा दुर्गाबाई कारभार पाहू लागल्या. १८१९ साली इंग्रजांनी निवती आणि रेडीचे किल्ले घेतले आणि संस्थान त्यांच्या छत्राखाली गेलं.

विसाव्या शतकात सावंतवाडीला आलेल्या एका राणीचं, सत्वशीलादेवींचं, माहेर बडोद्याचं होतं, गायकवाडांचं. त्यांनी आणि शिवरामराजे भोसले यांनी बुडत चाललेली गंजिफाची कला राजवाड्यात आणून वाचवली. मोती तलावाकाठच्या त्या वाड्यात आजही कारागीर गोल पत्ते रंगवतात. दशावतारी गंजिफाचे पत्ते १२०. दर रंगात एक राजा, एक प्रधान आणि दहा साधी पानं. राणीचा पत्ता नाही.