उचलते सुकाणू : लहान शिडाच्या होडीतील सुरक्षेचे गणित

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आणि केरळात अनेक गावांच्या मासेमारी नौका धक्क्याला न लागता थेट पुळणीवर लागतात. अशा नौकेची कसोटी शेवटच्या काही मीटरांत लागते. तळाच्या खाली उतरलेले सुकाणू वाळूवर आदळून मोडले, तर नौका लाटांना आडवी होऊन उलटण्याचा धोका असतो. कट्टुमरमवर वल्ह्यानेच दिशा दिली जाते आणि ते क्षणात उचलता येते. शिडाच्या लहान होडीत हेच कार्य उचलते सुकाणू आपोआप करते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या ‘होबी १६’ या पुळणीवर लागणाऱ्या जोडहोडीतही अशीच सुकाणू आहेत.

या रचनेत सुकाणूचे पाते दोन फळ्यांच्या बैठकीत आडव्या खिळीवर बसवलेले असते. आघात होताच ते मागे व वर फिरते. तथापि, लाकडी पाते मुळातच तरंगू पाहते आणि पाण्याचा विरोधही त्याला मागे रेटतो. म्हणून ते दोरीने खाली ओढून धरावे लागते. ही पकड किती घट्ट असावी, हा या रचनेतील कळीचा प्रश्न होय.

पकड सैल असेल तर पाते मागे कलते आणि सुकाणूचा दांडा जड होतो. समजा, पाते ०.१५ चौरस मीटरचे आहे व वेग सेकंदाला २ मीटर आहे. वळण घेताना पात्यावर बाजूने सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. वेग दुप्पट झाल्यास तो चौपट, म्हणजे १०० किलोग्रॅमइतका होतो. हा दाब दोरीने नव्हे, तर बैठकीच्या फळ्यांनी पेलावयाचा असतो. म्हणून फळ्या पात्याला पुरेशा खोलवर कवेत घेणाऱ्या हव्यात.

दोरीवर येतो तो केवळ मागचा रेटा. होडी सरळ जात असताना तो अत्यल्प असतो, वळणावर काही किलोग्रॅमपर्यंत वाढतो. दोरी खिळीजवळ बांधलेली असल्याने तिच्यावरील ताण मात्र अनेक पटींनी जास्त असतो, हे जमेस धरावे लागते. याउलट, माणसांसह २०० किलोग्रॅमची होडी त्याच वेगाने जात असता घट्ट बसवलेल्या सुकाणूमुळे २ सेंटिमीटरांत थांबली, तर सरासरी बळ सुमारे २ टनांचे होते. या दोन मर्यादांमधील अंतर एवढे मोठे आहे की, दोरी सुटण्याची पातळी त्यांच्यामध्ये सहज ठरवता येते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे स्वस्त भाग आधी सुटून महाग भागाचे रक्षण करतो. विजेच्या फ्यूजचे तत्त्वही हेच आहे. १९७९ मध्ये सुरू झालेल्या व मद्रास येथे मुख्यालय असलेल्या बंगालचा उपसागर कार्यक्रमाने पुळणीवर लागणाऱ्या यांत्रिक नौकांसाठी उचलता येणाऱ्या प्रोपेलरचे प्रयोग केले, त्यामागेही हाच विचार होता. प्रत्येक गावात बंदर बांधणे शक्य नसते. अशा ठिकाणी किनाऱ्याशी जुळवून घेणारी नौका हीच मच्छीमाराची खरी पायाभूत सुविधा ठरते.