पेल्यातलं रायवळ झाड

अ‍ॅव्होकॅडो मधोमध चिरला की आतली बी टुणकन बाहेर येते. गोल, गुळगुळीत, तपकिरी, आणि हातात घेतलीत तर चांगली जड! तिला ओल्या कचऱ्यात टाकायला निघालेला हात आधी धरा. धरलात? आता ती बी मागून घ्या, धुऊन घ्या आणि आजच कामाला लागा. उद्यावर ढकलू नका, त्याला कारण आहे.

मूग, गहू, हरभरे डब्यात वर्षभर पडून राहतात आणि भिजवले की उगवतात. त्यांना वाळून झोप काढता येते. अ‍ॅव्होकॅडोच्या बीला ती येतच नाही. फणसाच्या आठळीसारखी किंवा आंब्याच्या कोयीसारखी ती पुरती वाळली की मरते. माझी पहिली बी मी खिडकीत उन्हात ठेवली आणि गावाला गेले. आठ दिवसांनी आले तर ती तडकून लाकडासारखी झालेली. नंतर दीड महिना पाण्यात ठेवली, पण उगवली नाही. फार हळहळले मी.

बीचा रुंद, चपटा भाग खाली आणि निमुळतं टोक वर, असं धरा. कडेने तीन टूथपिक थोड्या तिरक्या टोचा आणि काचेच्या पेल्याच्या काठावर ती टेकवा. खालचा अर्धा भाग पाण्यात, वरचा हवेत. पाणी तीन-चार दिवसांनी बदलायचं. पेला उजेडात हवा, कडक उन्हात नको. आणि मग वाट बघायची. कधी दोन आठवडे, कधी चक्क दोन महिने!

एके सकाळी तपकिरी साल सुटून पाण्यात तरंगताना दिसते. मग बी उभी फाटते. घाबरू नका, ती खराब झालेली नाही. भिंग असेल तर त्या फटीत डोकावा. तळाशी तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं टोक दिसेल. ते मूळ! रोज थोडं थोडं करत ते पेल्याच्या बुडापर्यंत पोचतं, आणि एवढे दिवस वर मात्र काहीच हालचाल नसते. मग फटीतून कोंब निघतो आणि त्याच्या टोकाला चिमुकली तांबूस पानं उलगडतात.

आता मला सांगा, पेल्यात नुसतं पाणी होतं, खत नाही की माती नाही. मग एवढं सगळं वाढलं कशावर? भिजलेला मूग चोळला की दोन डाळी सुट्या होतात ना? ही बीसुद्धा तशाच दोन डाळींची आहे, फक्त त्या राक्षसी आहेत. त्यांच्या मध्ये इवलंसं रोप आणि दोन्हीकडे त्याचा डबा! अ‍ॅव्होकॅडो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तिथल्या दाट रानात जमिनीवर ऊन फारसं पोचत नाही, म्हणून रोपाला भरलेला डबा बरोबर असलेला बरा. एवढी मोठी बी दूर नेऊन टाकायची कोणी? हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेले स्लॉथसारखे अवाढव्य प्राणी हे फळ अख्खं गिळत असावेत, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

कोंब वीतभर झाला की रोप कुंडीत लावा. माती भुसभुशीत हवी, कुंडीला खाली भोक हवं आणि बीचा वरचा भाग मातीच्या बाहेर राहायला हवा. बहुतेक झाडांच्या मुळांना पाणी शोषणारी बारीक लव असते. अ‍ॅव्होकॅडोच्या मुळांना ती जवळजवळ नसते, आणि मुळं मातीच्या वरच्या थरातच पसरतात. म्हणून ती कोरडी पडली तरी झाड सुकतं आणि पाणी साचलं तरी कुजतं. बोट मातीत खुपसून बघा, वरचा थर सुका लागला तरच पाणी घाला. वर सुक्या पानांचा पाचोळा पसरा, रानात असतो तसाच. एप्रिल-मेच्या दुपारी कुंडी सावलीत घ्या. शेंडा एकदा खुडलात तर फांद्या फुटतात. घरी ससा, शेळी किंवा पोपट असेल तर त्यांना या पानांजवळ मुळीच जाऊ देऊ नका, ती त्यांना विषारी असतात.

आता खरी गंमत ऐका. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून कोकणात कलमं बांधतात. कोयीपासून वाढलेला आंबा म्हणजे रायवळ, प्रत्येक झाडाची चव वेगळी. अ‍ॅव्होकॅडोचंही अगदी तसंच. बाजारात खरबरीत सालीचा, पिकल्यावर काळपट होणारा ‘हास’ मिळतो ना, तो कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेतला. 1926 च्या सुमारास त्याने काही बिया लावल्या. एका रोपावर त्याने दुसऱ्या जातीचं कलम बांधून पाहिलं, पण ते काही जगेना. झाड तोडायचाच विचार होता, पण ते राहिलं. त्याची फळं मुलांना फार आवडली, असं सांगतात. 1935 मध्ये हासने त्या जातीचं पेटंट घेतलं. जगातली सगळी हासची झाडं त्या एकाच रायवळ झाडाची कलमं, आणि कलमांची कलमं! मूळ झाड 2002 मध्ये गेलं. मुळं कुजण्याच्या रोगाने.

म्हणजे तुमच्या पेल्यातली बी हासची असली, तरी तिचं झाड हास नाही. ते नवीन आहे, कुणीच कधी न चाखलेलं. फुलायला पाच-दहा वर्षंही लागतील, आणि लहान कुंडीत फळ धरणं अवघडच, म्हणून अंगण असेल तर त्याला जमिनीत जागा द्या. फुलं आली की मात्र नीट बघा हं. प्रत्येक फूल दोनदा उमलतं, पहिल्यांदा मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून! काही झाडांची मादी-फुलं सकाळच्या शाळेतली, काहींची दुपारच्या. तुमचं झाड कोणत्या शाळेचं, ते तेव्हाच कळेल.

तोवर पेल्यावर एक चिठ्ठी चिकटवा. बी पाण्यात ठेवल्याची तारीख लिहा, आणि तिच्याखाली जातीच्या नावासाठी एक ओळ कोरी सोडा.