पिकअपचा इनटेक मॅनिफोल्ड बदलताना



ऊस विकास खात्याने इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आज आपल्या गटांत बेणे, खताच्या गोण्या आणि रोजचे दूध पिकअपवरच चालते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून बेणे आणायचे आणि नेमकी गाडी गॅरेजला, असे झाले की लागण लांबते. तेव्हा विषय आमचाही आहे.

गट बैठकीत हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. पुण्यात नाना पेठेत बाहेरच्या बनावटीचा मॅनिफोल्ड स्वस्त मिळतो, मोठ्या तोंडाचा बसवला तर गाडी जादा ओढते म्हणतात, तर घ्यावा का?

मॅनिफोल्ड म्हणजे काय, तर ठिबकची सबमेन समजा. सबमेन जशी प्रत्येक लॅटरलला सारखे पाणी वाटते, तसा हा एअर क्लीनरमधून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला सारखी वाटतो. मोठ्या तोंडाची गोष्ट आली ती पेट्रोलच्या गाड्यांवरून. अमेरिकेत पिकअपला मोठी पेट्रोल इंजिने असतात आणि तिकडे एडेलब्रॉकसारख्या कंपन्या १९३८ पासून या धंद्यात आहेत. पेट्रोल इंजिनात हवा जास्त गेली की त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त देता येते, म्हणून ताकद वाढते. त्यातही आखूड व रुंद नळ्या जोरात पळणाऱ्या गाडीला उपयोगी. ओझे घेऊन हळू चढणाऱ्या गाडीला लांब नळ्याच बऱ्या.

आपल्या बहुतेक पिकअप डिझेलच्या. डिझेल इंजिनाची ताकद पंप किती डिझेल सोडतो त्यावर ठरते. हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त आत जाते. त्यामुळे नुसता मॅनिफोल्ड बदलून ओढ वाढते ही समजूत डोक्यातून काढावी. त्या आशेने पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे खताला लावावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग बदलायचा केव्हा? तडा गेला, तोंड वाकले किंवा आटे गेले तर. आणि अशा वेळी टाळाटाळ करू नये. एक लिटर डिझेल जाळायला इंजिन कमीत कमी दहा हजार लिटर हवा ओढते. आपली हवा म्हणजे फडातली धूळ आणि पाचटाचा भुसा! बिगर टर्बोच्या इंजिनात मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा घुसली, तर ती एअर क्लीनरला बगल देऊन थेट सिलिंडरमध्ये जाते. रिंगा व लायनर घासतात, गाडी ऑईल खाऊ लागते, आणि शेवटी इंजिन खोलावे लागते. टर्बोच्या गाडीत उलटे असते. मॅनिफोल्डमधली हवा दाबाखाली असल्याने ती बाहेर निसटते. शिट्टीसारखा आवाज येतो, चढाला दम तुटतो, काळा धूर पडतो. तिथे धूळ शिरते ती एअर क्लीनर ते टर्बो या रबरी होजमधून. म्हणून अगोदर होज व क्लॅम्प पाहावेत. क्लीनरच्या पुढच्या नळीत पांढरे फडके फिरवावे. धूळ लागली तर गळती त्याच्या अलीकडे आहे.

बीएस-४ व नंतरच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. ईजीआर व्हॉल्व्हमधून धुराचा काही भाग परत आत येतो, त्यात ऑईलची वाफ मिसळून डांबरासारखा थर बसतो आणि वाट अरुंद होते. अशा वेळी नवा घेण्याची गरज नाही, साफ करून भागते. मात्र मॅनिफोल्ड उतरवूनच साफ करावा. जागेवर खरवडला तर खपल्या व्हॉल्व्हवर पडतात. प्लॅस्टिकचा असेल तर त्याला आच लावू नये.

नवा घ्यायचाच झाला तर जुना पोत्यात घालून दुकानी न्यावा. गाडीचे नाव सांगून भागत नाही, एकाच नावाच्या गाडीत सालागणिक इंजिन बदलते. दोन्ही शेजारी ठेवून बोल्टची भोके, सेन्सरच्या व ईजीआरच्या जागा जुळवाव्यात. आमच्या एका सभासदाने ईजीआरची जागा नसलेला आणला. गॅरेजवाल्याने पत्र्याने वाट बंद करून दिली, तर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझेचना! अशा बदलाला कायद्याचीही आडकाठी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ पाहावे. त्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या धुराच्या चाचण्या घेते; त्या चाचणीत गाडी पास होते ती मूळ जोडणीसकट.

हेडवर बसणाऱ्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरून उजेड दिसतो का पाहावे. दिसला तर घेऊ नये, दुकानदार कितीही म्हणो की पॅकिंगने बसेल. ॲल्युमिनियमच्या नव्या ओतकामात साच्याची वाळू व कीस राहतो. तो आत गेला तर धुळीपेक्षा वाईट, म्हणून बसवण्यापूर्वी आतून धुऊन हवेने फुंकून घ्यावा. पॅकिंग नवेच घालावे. बोल्ट मधल्यापासून कडेला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जोराने आवळल्यास जातात, हे फिटरला समोर उभे राहून सांगावे. आठवड्याने क्लॅम्प पुन्हा तपासावेत.

आडसाली लागण १५ जुलैपासून सुरू होते. बेण्याच्या खेपा लागण्यापूर्वी, जूनमध्येच, हे काम उरकून घ्यावे ही विनंती.