पाच मिलिमीटर कमी!

घरात मोजायची टेप आहे ना? मग शेजारच्या काकांना विचारून (विचारूनच हं!) त्यांच्या नेक्सॉनची लांबी मोजा, या बंपरपासून त्या बंपरपर्यंत. उत्तर येईल ३९९५ मिलिमीटर. आता ब्रेझा मोजा, व्हेन्यू मोजा, सोनेट मोजा. पुन्हा ३९९५! कंपन्या वेगवेगळ्या, पण चार मीटर भरायला पाच मिलिमीटर उरले की सगळ्यांचं घोडं अडतं. असं का बरं?

कारण सरकारची टेप! लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असेल, तर ती गाडी लहान. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के, मोठीवर थेट ४० टक्के. लांबी आणि इंजिन, दोन्ही अटी पाळायच्या बरं का. आपल्या बोलेरोची गंमत तर ऐका. ती होती ४१०७ मिलिमीटर. २०१६ साली तिचे बंपर आखूड केले, २५२३ सीसीच्या जागी १४९३ सीसीचं इंजिन बसवलं, आणि बाई झाल्या लहान!

पण बोलेरो ही नेक्सॉन-ब्रेझासारखी क्रॉसओव्हर नव्हे. तिच्याखाली पोलादी चौकट असते आणि बॉडी त्या चौकटीवर बोल्टने बसवलेली. क्रॉसओव्हर दिसायला तशीच उंच, ऐटबाज. आतून मात्र साधी कारच. बॉडी आणि तळ मिळून एकच कवच. म्हणून ती वजनाला हलकी आणि खड्ड्यांत कमी उसळते.

आता हे सीसी म्हणजे काय? इंजिनातल्या नळकांड्यांत दट्ट्या वरखाली होतो, तेव्हा जेवढी जागा व्यापतो ती घनसेंटिमीटरमध्ये मोजलेली. नेक्सॉनच्या पेट्रोल इंजिनात तीन नळकांडी, मिळून ११९९ सीसी. (इथेही एकच कमी, बघितलंत?) म्हणजे एका नळकांड्याच्या वाट्याला जेमतेम दोन पेले दुधाएवढी जागा. एवढ्यावर माणसांनी भरलेली गाडी ओढायची कशी? तर टर्बो लावून. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र गरागरा फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. वाया जाणाऱ्या धुराला कामाला जुंपलं! मला तर गाडीतला हाच भाग सगळ्यात हुशार वाटतो.

विजेच्या गाडीत नळकांडीच नाहीत, मग सीसी कुठून येणार? तिच्यावर जीएसटी ५ टक्के, लांबी काही का असेना. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सईव्ही ९ई आहे ४७८९ मिलिमीटर! तिची मोठी बॅटरी ७९ युनिटची. युनिट म्हणजे घरच्या विजेच्या बिलात असतं तेच. बिल काढा आणि बघा, तेवढ्यात तुमचं घर किती दिवस चालेल. विजेची नेक्सॉन मात्र अजून चार मीटरच्या आतच आहे, कारण बॉडी पेट्रोलवालीचीच.

आणखी एक मजा. विजेची गाडी बोरघाट उतरू लागली की चाकंच मोटर फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि बॅटरी थोडी भरते. घाट उतरल्यावर टाकीतलं पेट्रोल वाढलेलं कधी पाहिलंय का कुणी?