टर्की कोरडी होते? आधी तिला मिठाच्या पाण्यात मुरवा!

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, आणि टर्की हवीच. माझी पहिली टर्की इतकी कोरडी झाली होती की पाहुण्यांनी ग्रेव्हीचं भांडं चाटूनपुसून रिकामं केलं! तेव्हापासून हा नेम:

🧂 मुरवणं: ४ लिटर पाण्याला साधारण २२५ ग्रॅम मीठ, थोडी ब्राउन शुगर, मिरी, तमालपत्र. आपल्या खारातल्या कैऱ्यांसारखंच, पण इथे १२ ते २४ तास पुरे, तेही फ्रीजमध्येच. मिठामुळे मांसातली प्रथिनं सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. लेबल वाचा: आधीच मिठाचं पाणी टोचलेली टर्की पुन्हा मुरवली तर खारट होईल.

🌬️ वाळवणं: बाहेर काढून टिपून घ्या आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडीच ठेवा. ओल्या कातडीचं रबर होतं.

🔥 धुरी: सफरचंदाचं किंवा चेरीचं लाकूड, आच १३५ अंश सेल्सिअस. साडेपाच किलोच्या टर्कीला साधारण साडेतीन-चार तास लागतात. धूर पातळ, निळसर हवा. पांढरा दाट धूर मांस कडवट करतो.

🌡️ घड्याळावर नाही, थर्मामीटरवर विश्वास ठेवा. हाडाला न लावता तो छातीत सर्वांत जाड जागी खुपसा: ७४ अंश झाले की झालं. धुराने मांस कडेला गुलाबी दिसतं, ते कच्चं नव्हे!

अर्धा तास तशीच राहू द्या, मगच सुरी लावा. 🦃