थांबलेल्या न्यासाची शिल्लक

ज्या धर्मादाय न्यासाच्या नावावर पैसा किंवा मालमत्ता आहे, पण ज्याच्या हेतूसाठी वर्षानुवर्षे काहीच झालेले नाही, त्याला व्यवहारात निष्क्रिय न्यास म्हणतात. असा न्यास सहसा कुणी ठरवून बंद केलेला नसतो. विश्वस्त एकेक करून निवर्ततात, त्यांच्या जागी नवे नेमले तरी बदल कळवणारा चेंज रिपोर्ट दाखल होत नाही, ऑडिट खोळंबते आणि धर्मादाय कार्यालयातल्या न्यास-नोंदवहीच्या, म्हणजे शेड्यूल एकच्या, उताऱ्यावर हयात नसलेल्या माणसांची नावे तशीच राहतात. न्यास कागदोपत्री जिवंत असतो. त्याच्या मुदतठेवी, कुणाच्या तरी कपाटात पडलेली शेअर सर्टिफिकेटे आणि गावातला एखादा भाडेकरूंनी भरलेला वाडा हेही जिथल्या तिथे असतात.

पैसा मात्र पूर्णपणे जिथल्या तिथे राहत नाही. दोन वर्षे ग्राहकाकडून व्यवहार झाला नाही की बँक खाते निष्क्रिय ठरवते. दहा वर्षे कुणी दावा केला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये उभारलेल्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा होते. शेअरवरचा लाभांश सात वर्षे उचलला नाही, तर तो आणि पाठोपाठ ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. दोन्हीकडून रक्कम परत मागता येते, पण मागणाऱ्याने आपण अधिकृत विश्वस्त आहोत हे सिद्ध करावे लागते. आणि उताऱ्यावर जिवंत विश्वस्तच नसेल, तर मागणार कोण?

न्यास थांबण्याचे दुसरे कारण म्हणजे हेतूच संपणे. प्लेगच्या काळात रुग्णांसाठी काढलेला निधी, टांग्याच्या घोड्यांना पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या हौदांची देणगी, बैलगाडीने येणाऱ्या वारकऱ्यांच्या मुक्कामाची धर्मशाळा या सगळ्यांमागची गरज एकतर नाहीशी झाली किंवा ओळखू न येण्याइतकी बदलली. त्याहून जास्त आढळते ते हेतू टिकून पैसा अपुरा पडणे. दहा हजार रुपयांच्या कायम ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला सातशे रुपये व्याज मिळते. कधीकाळी तेवढ्यात गावातल्या हुशार मुलाची वर्षाची फी आणि पुस्तके भागत. आज तेवढ्यात न्यासाच्या ऑडिटची फीही निघत नाही. अशा न्यासाचा सगळा खर्च त्याचे अस्तित्व टिकवण्यावरच होतो.

अशा वेळी विश्वस्तांच्या मनात पहिला विचार येतो तो पैसे देणगीदाराच्या वारसांना परत करण्याचा. तो कायद्यात बसत नाही. सार्वजनिक न्यासाला एकदा दिलेली मालमत्ता देणाऱ्याची राहत नाही आणि विश्वस्तांचीही होत नाही. ती लाभार्थींसाठी, म्हणजे समाजातल्या एका अनिश्चित घटकासाठी बांधलेली असते. वारसांचा प्रश्न फार तर तेव्हा येतो, जेव्हा हेतू सुरुवातीपासूनच अशक्य असतो आणि देणाऱ्याच्या मनात त्या एका कामापलीकडे व्यापक दानाचा हेतू नव्हता असे दिसते. काही वर्षे चालून मग थांबलेल्या न्यासाबाबत हा रस्ता जवळजवळ बंद असतो.

मग पैशाचे करायचे काय, याचे उत्तर इंग्लंडच्या न्यायालयांनी घडवलेल्या ‘साय-प्रे’ तत्त्वात आहे: मूळ हेतू अशक्य झाला असेल तर त्याच्या शक्य तितक्या जवळचा हेतू शोधायचा. थॉमस बेटन या लंडनच्या व्यापाऱ्याने १७२३ च्या मृत्युपत्राने आपली बरीच संपत्ती लोखंड-व्यापाऱ्यांच्या संघाकडे सोपवली. तिच्या उत्पन्नातला अर्धा भाग तुर्कस्तान आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून अडकलेल्या ब्रिटिशांना सोडवण्यासाठी होता. एकोणिसाव्या शतकात असे बंदिवान उरले नाहीत, आणि पैसा मात्र साठत गेला. नव्या हेतूवरून वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर १८४४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो शिक्षणाकडे वळवण्याचे मान्य केले. सोडवायला बंदिवान नाहीत आणि त्यांच्याशी जवळचे नाते असलेला दुसरा हेतूही सापडत नाही; तेव्हा त्याच मृत्युपत्रात धर्मादाय शाळांनाही वाटा होता, हा धागा उपयोगी पडला. देणाऱ्याचे मन त्याच्याच कागदात शोधायचे, ही पद्धत आजही चालते.

दुसरा प्रसिद्ध खटला अमेरिकेतला. बॉस्टनच्या फ्रान्सिस जॅक्सन यांनी गुलामगिरीविरुद्ध लोकमत घडवण्यासाठी आणि पळून आलेल्या गुलामांच्या मदतीसाठी रकमा ठेवल्या होत्या. ते १८६१ मध्ये वारले आणि १८६५ मध्ये राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरीच संपली. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १८६७ मध्ये वारसांचा दावा नाकारला आणि पैसा मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाकडे व गरजूंकडे वळवला. त्याच मृत्युपत्रातली स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीसाठीची रक्कम मात्र न्यायालयाने धर्मादाय मानली नाही. कायदे बदलण्याची खटपट हे दान नव्हे, असा त्यामागचा तर्क. साय-प्रे उदार असले तरी धर्मादाय हेतूच्या कुंपणातच फिरते, हे त्यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात हे तत्त्व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५५ आणि ५६ मध्ये आले आहे. २०१२ पर्यंत हा कायदा मुंबईच्या नावाने ओळखला जात असे. मूळ हेतू निष्फळ ठरला असेल, उत्पन्न किंवा शिल्लक वापरली जात नसेल किंवा जाण्याची शक्यता नसेल, अथवा मूळ हेतू पुढे चालवणे लोकहिताच्या दृष्टीने इष्ट किंवा व्यवहार्य राहिले नसेल, तर धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना न्यायालयाकडे निर्देश मागायला सांगतात. विश्वस्त गेले नाहीत, किंवा विश्वस्तच उरले नाहीत, तर आयुक्त स्वतः अर्ज करतात. हे न्यायालय म्हणजे बृहन्मुंबईत नगर दिवाणी न्यायालय आणि इतरत्र जिल्हा न्यायालय. नवा हेतू ठरवण्याचा अधिकार विश्वस्तांकडे नाही आणि शेवटी आयुक्तांकडेही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कलम ५५ मधले तिसरे, म्हणजे लोकहिताचे, कारण धार्मिक न्यासांना लागू नाही. मूळ कायद्यात तसा भेद नव्हता. तो सर्वोच्च न्यायालयामुळे आला. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या निकालात एका जैन देवस्थानाचे वहिवाटदार आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त यांची अपिले एकत्र ऐकली गेली. धार्मिक हेतू पार पाडणे शक्य असतानाही केवळ लोकहिताला जास्त योग्य वाटते म्हणून देवस्थानाचा पैसा दुसरीकडे वळवणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ चे उल्लंघन आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे पूजेच्या निधीतून शाळा बांधण्याचा सद्हेतू कितीही मोठा असला, तरी पूजा होऊ शकते तोवर त्याला कायद्याचा आधार नाही.

हेतू शाबूत आहे पण न्यास एकट्याने चालण्याजोगा राहिला नाही, तर कलम ५०अ नुसार विलीनीकरण हा जास्त सोपा मार्ग आहे. योग्य व्यवस्थापनासाठी दोन किंवा अधिक न्यास एकत्र करणे आयुक्तांना आवश्यक वाटले, तर राजपत्रात सूचना देऊन आणि हितसंबंधितांचे म्हणणे ऐकून ते एक सामाईक योजना तयार करतात. शिष्यवृत्तीचे पाच-सहा दुबळे निधी एका तगड्या शिक्षणसंस्थेत गेले, तर प्रत्येकाच्या ऑडिटचा आणि कागदपत्रांचा खर्च वाचतो आणि देणगीदाराचे नाव शिष्यवृत्तीला तसेच राहू शकते. महाराष्ट्रात हा उपाय जेवढा वापरला जायला हवा तेवढा जात नाही. त्याचे कारण कायद्यापेक्षा घराण्यांच्या अभिमानात जास्त असते.

न्यास संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीही नोंदलेला असेल (नोंदणी क्रमांकात ‘एफ’ अक्षर असते ते न्यास), तर त्या कायद्याचे कलम १३ आणि १४ ही पाहावे लागते. किमान तीन-पंचमांश सभासदांनी ठरवले तर संस्था विसर्जित करता येते. देणी भागवून जे उरेल ते सभासदांत वाटता येत नाही. ते दुसऱ्या संस्थेला द्यायचे असते आणि ती संस्था हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी, नाहीतर न्यायालयाने ठरवायची असते. ज्या राज्यांत महाराष्ट्रासारखा स्वतंत्र कायदा नाही, तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दावा करावा लागतो. साय-प्रेची तरतूद त्या कलमात १९७६ च्या दुरुस्तीने घालण्यात आली.

या सगळ्या वाटा व्यवहारात सहसा विश्वस्तांनी स्वतःहून हालचाल केली तर उघडतात. ती केली नाही तर २०१७ च्या दुरुस्तीने कलम २२ मध्ये आलेली नोंदणी रद्द करण्याची तरतूद पुढे येते. उपायुक्त किंवा सहायक धर्मादाय आयुक्त चौकशी करून पाच कारणांवरून नोंदणी रद्द करू शकतात. हेतू पूर्ण झाला, बेकायदेशीर ठरला, अशक्य झाला किंवा न्यास रद्द करण्याजोगा असून रद्द केला, ही पहिली चार कारणे १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याच्या कलम ७७ मधून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली आहेत. तो कायदा खासगी न्यासांसाठी आहे. पाचवे कारण नवे आणि सर्वांत परिणामकारक: विश्वस्त न्यासाच्या हेतूसाठी काहीच करत नाहीत. त्याला अट अशी, की चेंज रिपोर्ट, लेखापरीक्षित हिशेब किंवा इतर पूर्तता यांत सलग पाच वर्षे कसूर झालेली असली पाहिजे. दुरुस्तीनंतर राज्यभर मोहीम निघाली आणि वर्षानुवर्षे हिशेब न देणाऱ्या न्यासांना नोटिसा गेल्या.

नोंदणी रद्द झालेल्या न्यासाची मालमत्ता ताब्यात घेऊन तिची व्यवस्था लावता येते किंवा विक्री करता येते, आणि विक्रीचे पैसे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधीत जमा होतात. या निधीतून मुख्यतः धर्मादाय यंत्रणेचा खर्च चालतो. फरक मोठा आहे. कलम ५५-५६ च्या मार्गाने गेले तर अनाथ मुलांसाठी ठेवलेला पैसा मुलांच्याच कुठल्या तरी कामी येतो. कलम २२ च्या मार्गाने तो कार्यालयाच्या तिजोरीत जिरतो. बेशिस्त न्यासांची यादी साफ करायला ही तरतूद उपयोगी आहे, पण देणगीदाराच्या इच्छेशी तिने फारसे नाते ठेवलेले नाही. चूक विश्वस्तांची आणि तोटा लाभार्थींचा, असा हा हिशेब आहे.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते कागदांपासून. न्यासपत्र किंवा घटना, शेड्यूल एकचा उतारा आणि पूर्वीची योजना मिळवली की पहिला प्रश्न उभा राहतो: अर्ज करायला वैध विश्वस्त कोण? बदल घडल्यापासून नव्वद दिवसांत कळवायचा असतो, त्यामुळे जुन्या चेंज रिपोर्टांसोबत विलंबमाफीचे अर्ज द्यावे लागतात. कुणीच विश्वस्त उरला नसेल तर हितसंबंधित व्यक्ती कलम ४७ खाली आयुक्तांकडे नेमणुकीची मागणी करू शकते. त्यानंतर थकलेली ऑडिटे, बँकांतून रकमांचा शोध आणि देणी. स्थावर मालमत्ता असेल तर कलम ३६ ची परवानगी लागते. मूल्यांकनाशिवाय आणि जाहीर निविदेशिवाय ती सहसा मिळत नाही. पागडीचे भाडेकरू असलेला वाडा असेल, तर बाकी सगळे काम झाल्यावरही घोंगडे इथेच भिजत पडते.

मग प्राप्तिकर. करसवलत घेऊन जमवलेली संपत्ती धर्मादाय वर्तुळाबाहेर जाऊ नये म्हणून २०१६ मध्ये संचित उत्पन्नावरचा कर आला आणि २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही तो कायम आहे. विसर्जन झालेल्या महिन्याच्या अखेरीपासून बारा महिन्यांत मालमत्ता दुसऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे गेली नाही, वेगळ्या हेतूच्या संस्थेत विलीनीकरण झाले किंवा करसवलतीची नोंदणी गेली, तर मालमत्तेच्या बाजारमूल्यातून देणी वजा करून उरेल त्यावर सर्वोच्च दराने कर बसतो आणि तो चौदा दिवसांत भरायचा असतो. २०२३ पासून मुदतीत फेरनोंदणी न करणेही यात धरले जाते. जुन्या शहरांतल्या न्यासांना याचा फटका जबर बसू शकतो: कधीकाळी काही हजारांत घेतलेली जागा आज कोटींची, आणि बँकेत कर भरण्यापुरतीही रोकड नाही.

पैसा कुणाकडे द्यायचा हे ठरवताना हेतू, लाभार्थी आणि परिसर या क्रमाने जवळीक पाहणे रास्त ठरते. सांगलीतल्या मुलींच्या शिक्षणाचा निधी सांगलीतल्याच मुलींकडे जावा. तिथे योग्य संस्था नसेल तर शेजारच्या जिल्ह्यात. विश्वस्तांच्या नात्यागोत्यातली संस्था न्यायालयात टिकणे अवघड. विशिष्ट कामासाठी मिळालेली देणगी त्याच बंधनासह पुढे जाते आणि घेणाऱ्या संस्थेने तिचा हिशेब वेगळा ठेवायचा असतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१८ पासून तिथल्या चॅरिटी कमिशनने असे न्यास स्वतः हुडकायला सुरुवात केली आहे. पाच वर्षे जमाखर्च शून्य आहे किंवा उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून कमी खर्च झाला आहे, अशा न्यासांच्या विश्वस्तांना गाठून नवे सहकारी शोधायला किंवा पैसा स्थानिक समुदाय-निधीकडे सोपवायला मदत केली जाते. महाराष्ट्रातल्या कार्यालयाकडे निष्क्रिय न्यासांची माहिती नोटिसांच्या निमित्ताने जमलेलीच आहे. तिचा असा उपयोग मात्र होत नाही.

रक्कम सुपूर्द झाली की पावती, घेणाऱ्या संस्थेचा ठराव आणि न्यायालयाचा किंवा आयुक्तांचा आदेश जोडून अखेरचा ताळेबंद दाखल करायचा, नोंदवहीत बदलाची नोंद करून घ्यायची, शेवटचे विवरणपत्र भरून पॅन परत करायचे आणि त्यानंतरच बँक खाते बंद करायचे. हा क्रम उलटला, तर नंतर आलेला परतावा किंवा लाभांश पुन्हा बेवारस रकमांत जाऊन पडतो. परदेशी देणग्यांची नोंदणी असेल तर त्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेचा निकाल केंद्र सरकारने विहित केलेल्या प्राधिकाऱ्यामार्फत वेगळा लावावा लागतो.