बंदरोबंदरी (९) : बर्गनच्या पावसाला शिव्या घालू नका

क्रूझचं तिकीट काढताना कुठल्या बंदरात जहाज किती तास थांबणार हे आधी का बघायचं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्याच हिशेबाने आज नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बर्गन. सकाळी जहाज लागतं, संध्याकाळी सुटतं आणि सुटण्याआधी बराच वेळ सगळ्यांना परत यावं लागतं. हातात उरतात सहा-सात तास, आणि त्यात बहुधा पाऊस.

बर्गनला वर्षाकाठी साधारण २,२५० मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरला याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. बर्गनचा बारा महिने रेंगाळतो. कारण दोन्हीकडे एकच. समुद्रावरून आलेले ओलसर वारे डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाणी टाकून मोकळे होतात. आपल्याकडे हे वारे मोसमी; तिकडे अटलांटिकवरून पश्चिमी वारे वर्षभर येतच असतात, आणि उत्तरेकडे जाणारा उबदार सागरी प्रवाह त्यांना बाष्प पुरवतो. शहराला सात डोंगरांचा वेढा आहे. त्यांतला उल्रिकन सर्वांत उंच, ६४३ मीटर. २००६च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या जानेवारीपर्यंत इथे सलग ८५ दिवस पाऊस झाला होता. तेव्हा ‘जरा उघडलं की निघू’ म्हणत जहाजावर बसून राहण्यात अर्थ नाही. छत्रीच्याही भरवशावर राहू नका, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट घाला, आणि निघा.

जहाज स्कॉल्टनच्या धक्क्याला लागलं असेल, तर बर्गनहूस किल्ल्यावरून चालत ब्रिगनला पोहोचता येतं. ब्रिगन म्हणजे बंदराकाठची, त्रिकोणी माथ्यांच्या रंगीत लाकडी घरांची रांग. १९७९ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. बहुतेक प्रवासी रस्त्यापलीकडून फोटो काढतात आणि पुढे सरकतात. खरं ब्रिगन त्या दर्शनी भिंतींच्या मागे आहे. दोन घरांमधल्या बोळात शिरा. पायाखाली फळ्या, डोक्यावर पुढे आलेले सज्जे, माल वर ओढायच्या जागा आणि ओल्या लाकडाचा वास.

चौदाव्या शतकाच्या मध्यापासून इथे हॅन्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. उत्तरेकडच्या लोफोटन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता थंड वाऱ्यावर वाळवत. तो इथे यायचा आणि इथून युरोपभर जायचा, कारण ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे, मासा चाले. बदल्यात धान्य यायचं. कोळ्यांना धान्य उधारीवर मिळे आणि पुढच्या हंगामाचा मासा त्या उधारीत अडके. वखारीची ताकद या खातेवहीत होती. वखारीतल्या पुरुषांना लग्नाची मुभा नव्हती. घरं लाकडी, म्हणून त्यांत विस्तव पेटवायलाही बंदी. हिवाळ्यात ऊब आणि गरम जेवण हवं, तर मागच्या बाजूच्या वेगळ्या सभागृहांत जायचं. एवढं करूनही १७०२च्या आगीत सगळं जळालं. आजची घरं त्यानंतरची, पण जुन्याच आराखड्यावर बांधलेली.

१९५५ साली पुन्हा आग लागली आणि ब्रिगनचा एक भाग गेला. त्या जागी उत्खनन झालं, तेव्हा रून लिपीतले सहाशेहून जास्त लेख मिळाले, बरेचसे काठ्यांवर कोरलेले. काही नुसत्या मालकाच्या नावाच्या खुणा आहेत. एका काठीवर गीदा नावाची बाई कुणाला तरी ‘घरी ये’ असा निरोप धाडते.

शतकानुशतकं जमिनीत राहूनही हे लाकूड कुजलं कसं नाही? कारण जमीन पाण्याने भरलेली होती. पाण्याखाली प्राणवायू पोहोचत नाही आणि लाकूड टिकतं. ब्रिगनची घरंही जुन्या लाकडी ओंडक्यांच्या पायावर उभी आहेत. शेजारी आधुनिक बांधकाम झालं, भूजल खाली उतरलं, हवा आत शिरली, लाकूड कुजू लागलं आणि घरं खचायला लागली. उपाय म्हणून गळती थोपवण्यात आली आणि छपरांवरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवायची सोय केली गेली. ज्या पावसामुळे तुमचा फोटो बिघडतो, त्याच पावसावर ही घरं तग धरून आहेत.

वेळेचं गणित असं बसवा. एकाच वेळी तीन-चार जहाजं लागली, तर फ्लोयन डोंगरावर जाणाऱ्या केबल रेल्वेला मोठी रांग लागते. १९१८ पासून धावणारी ही गाडी काही मिनिटांत ३२० मीटर उंचीवर नेते. पण खालून माथा दिसत नसेल, तर वरून शहरही दिसणार नाही. अशा दिवशी तो नाद सोडा. त्याऐवजी उत्खननाच्या जागेवरच उभं असलेलं ब्रिगन संग्रहालय बघा, मग शेजारचं बाराव्या शतकातलं मारिया चर्च. मासळी बाजार शेवटी ठेवा; तिथले भाव पर्यटकांसाठीचे आहेत.

पुढच्या आठवड्यात गायरांगर फ्योर्ड. तिथे २०२६ पासून लहान प्रवासी जहाजांना धूरमुक्त राहण्याचा नियम लागू झाला आहे, मोठ्यांना २०३२ पर्यंत सवलत आहे. क्रूझ निवडताना या नियमाचा विचार कसा करायचा, ते पाहू.